सिनेमा देवाधर्माचा आहे, म्हणजे मुलांना चालेलच का?

पत्र थोडक्यात: एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या, त्यांचे पती, सासूबाई, सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि शिक्षणासाठी राहायला आलेला पंधरा वर्षांचा पुतण्या. सासूबाईंना मैत्रिणीने एक परदेशी सिनेमा सुचवला आहे. छोटं विमान बर्फाळ डोंगरात कोसळतं, आईवडील आणि मुलगा नऊ दिवस तिथे अडकतात, वडील जातात, आई आणि मुलगा प्रार्थनेच्या आधारावर तग धरतात आणि शेवटी वाचतात. 'सत्यघटनेवर आधारित' असं सुरुवातीलाच येतं. शिवीगाळ नाही, अंगप्रदर्शन नाही. प्रमाणपत्र मात्र यूए १३+ आहे. सिनेमातला धर्म आपला नाही, पण 'देव शेवटी एकच' म्हणून सगळ्या घराने एकत्र बसून तो बघावा, मुलांवर चांगले संस्कार होतील, असं सासूबाईंचं म्हणणं. पतींचा देवावर विश्वास नाही. 'असलं काही मुलांच्या डोक्यात भरू नका' म्हणून ते हटून बसले आहेत. चार महिन्यांपूर्वी घरातले आजोबा आजारपणात गेले. ते बरे व्हावेत म्हणून नात रोज झोपण्याआधी हात जोडत होती. ताईंचा प्रश्न असा: सिनेमा इतका स्वच्छ असेल, तर तेरा-प्लस असूनही धाकटीला सोबत घेऊन बघायला काय हरकत आहे? आणि नाही म्हणायचं, तर सासूबाईंना न दुखावता कसं म्हणायचं?

ताई,

आधी सरळ उत्तर देऊन टाकू. धाकटीला हा सिनेमा सध्या दाखवू नका. मुलाला दाखवता येईल, पण तुम्ही स्वतः तो पूर्ण बघितल्यानंतरच. पुतण्याने बघायला अडचण दिसत नाही. आता कारणं सविस्तर सांगायला हवीत. नुसता 'नको' घेऊन तुम्ही सासूबाईंसमोर गेलात, तर तो त्यांना त्यांच्या श्रद्धेलाच दिलेला नकार वाटेल, आणि तसा तो नाही.

सिनेमात शिव्या नाहीत, उघडंनागडं काही नाही, म्हणजे तो लहानांना चालेल, असं आपण सगळेच धरून चालतो. जीव वाचवण्याच्या गोष्टीत मात्र मुलांना जड जाणारा भाग निराळाच असतो: थंडी, भूक, मोडलेलं हाड, डोळ्यांदेखत जाणारं माणूस, सुटकेची आशा संपणं. श्रद्धेवरच्या सिनेमात हा भाग कमी नसतो, बहुधा जास्तच असतो, कारण प्रार्थनेने तारलं हे दाखवायचं तर आधी माणसाचे सगळे उपाय थकलेले दाखवावे लागतात. म्हणून दिग्दर्शक त्या हताशेत रेंगाळतो. आई देवाला जाब विचारते, मुलगा 'आपणही बाबांसारखे मरणार का' म्हणतो, आणि कॅमेरा त्या चेहऱ्यांवरून हलत नाही. मारधाडीच्या सिनेमात वीस माणसं मरतात आणि मुलांना त्यातलं एकही आठवत नाही. इथे एकच माणूस मरतो, पण त्याला मरायला पंधरा मिनिटं लागतात आणि तो कुणाचा तरी बाबा असतो.

प्रमाणपत्राबद्दल. भारतात 'यूए' हे पूर्वी एकच सरसकट लेबल होतं. २०२३च्या कायदादुरुस्तीने त्याचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग केले. ही पालकांसाठी सूचना असते, शेवटचा निर्णय पालकांनीच घ्यायचा असतो. अमेरिकेत १९८४ मध्ये 'पीजी' (पालकांनी विचार करून दाखवावा) आणि 'आर' (लहानांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय नाही) यांच्या मधली पायरी म्हणून 'पीजी-१३' आली. तिकडे प्रमाणपत्राखाली एका ओळीत कारणही छापतात, आणि ती ओळ प्रमाणपत्रापेक्षा कामाची असते. त्यात 'पेरिल' असेल तर पात्रांचा जीव धोक्यात असल्याची लांबलचक दृश्यं आहेत असं समजा. 'डिस्टर्बिंग इमेजेस' असेल तर जखमा किंवा मृतदेह दिसतात. 'थीमॅटिक एलिमेंट्स' हे सगळ्यात फसवं, कारण मृत्यू, दुर्धर आजार, जगण्याची इच्छा संपणं, देवावरचा विश्वास उडणं, यातलं काहीही त्याखाली खपून जातं. ब्रिटनचं प्रमाणन मंडळ याहून सविस्तर लिहितं. धोका, जखमांचा तपशील, भाषा असे वेगवेगळे मथळे करून प्रत्येकाखाली दोन-तीन वाक्यं असतात. तुमचा सिनेमा परदेशी आहे, त्यामुळे तिन्हीकडची माहिती मिळण्याची शक्यता आहे. दहा मिनिटांचं काम आहे, जरूर करा. तरीही एक गोष्ट कुठल्याच मंडळाला कळू शकत नाही: बघणाऱ्या मुलीच्या घरातून चार महिन्यांपूर्वी कोण गेलं.

सहा आणि अकरा या वयांत फक्त पाच वर्षांचं अंतर दिसतं, पण भीतीच्या बाबतीत ही दोन वेगळी जगं आहेत. पडद्यावरच्या भीतीवर अमेरिकेत जोॲन कँटर यांनी अनेक वर्षं संशोधन केलं. त्यातून दिसतं ते साधारण असं: सात-आठ वर्षांखालची मुलं जे दिसतं त्याला घाबरतात. निळे पडलेले ओठ, रक्त, विद्रूप चेहरा, अचानक मोठा आवाज. हे खोटं आहे, रंग लावला आहे, असं सांगून त्यांची भीती फारशी उतरत नाही. मांडीवर घेणं, दृश्य बंद करणं, पाणी देणं, दुसरं काही हातात देणं याने उतरते. मोठी मुलं जे घडू शकतं त्याला घाबरतात. त्यांना समजावून सांगितलेलं उपयोगी पडतं, पण 'सत्यघटनेवर आधारित' ही अक्षरं त्यांनाच जास्त लागतात. तुमच्या मुलीला वडिलांचा बर्फातला चेहरा छळेल. तुमचा मुलगा पुढच्या विमानप्रवासाच्या आदल्या रात्री जागा राहील. म्हणून एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच समजुतीने दोघांना सांभाळणं तुम्हाला जमेल असं धरून चालू नका.

आता पत्रात नसलेल्या प्रश्नाकडे येते, आणि माझ्या मते सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. सिनेमातले वडील का गेले, याचं सिनेमा काय कारण देतो? आई आणि मुलगा प्रार्थनेमुळे वाचले हे तुम्ही लिहिलंत. वडिलांनी प्रार्थना केली नव्हती का? केली असेल, तर ते का नाही वाचले? ते देव न मानणारे दाखवलेत का? की त्यांनी मुलासाठी स्वतःचा कोट काढून दिला आणि थंडीने गेले? ही तीन उत्तरं म्हणजे तीन वेगळे सिनेमे आहेत, दृश्यं तीच असली तरी.

लहान मुलांच्या मनात एक समजूत आपोआप असते. झां पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना एक गोष्ट सांगितली होती. दोन मुलं सफरचंदं चोरतात, एक पकडला जातो, दुसरा पळतो. पळताना तो कुजक्या फळीच्या पुलावरून जातो आणि पूल मोडून पाण्यात पडतो. चोरी केली नसती तरी पूल मोडला असता का, असं विचारल्यावर लहान वयाची बहुतेक मुलं म्हणाली, नसता मोडला. त्याने चोरी केली म्हणून तो पडला. वाईट घडलं म्हणजे कुणाची तरी चूक असणारच, हा हिशेब त्या वयात शिकवावा लागत नाही. त्याच्या जोडीला आणखी एक असतं: मी मनात आणलं म्हणून असं झालं, किंवा मी नीट केलं नाही म्हणून असं झालं, असं वाटणं.

या मनाने तुमची लेक तो सिनेमा बघेल तेव्हा काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. पडद्यावरचा मुलगा हात जोडतो, त्याची आई वाचते. तिने हात जोडले, आजोबा गेले. मधला दुवा ती स्वतःच जोडेल: माझी प्रार्थना कमी पडली. एखाद्या रात्री कंटाळून ती न करता झोपली असेल, तर तिला नेमकी तीच रात्र आठवेल. आणि हे ती तुम्हाला सांगेलच असं नाही. स्वतःला दोषी समजणारी मुलं बहुधा गप्प राहतात.

ही अडचण फक्त लहानांची नाही. सिसेरो या रोमन लेखकाने डायगोरस नावाच्या ग्रीक विचारवंताची एक आठवण लिहून ठेवली आहे. सामोथ्रेस बेटावरच्या देवस्थानात वादळातून वाचलेल्या लोकांनी नवस फेडताना वाहिलेली चित्रं होती. मित्र म्हणाला, बघ, किती जणांना देवाने तारलं. डायगोरस म्हणाला, हो, कारण जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नाहीत. याचा अर्थ श्रद्धा खोटी असा घ्यायची गरज नाही. प्रार्थना म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे, हे तर मनापासून भक्ती करणारी माणसंच सगळ्यात आधी सांगतात. पण सिनेमा करणाऱ्याने न वाचलेल्यांचा विचार केला आहे की नाही, हे बघितल्याशिवाय तो मुलांपुढे ठेवू नये.

विचार करणं म्हणजे काय ते दोन खऱ्या घटनांमधून दिसतं. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी अँडीज पर्वतात उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान कोसळलं. विमानात ४५ जण होते, ७२ दिवसांनी त्यातले १६ जिवंत परतले. त्यांच्यातले अनेक जण श्रद्धाळू होते, रात्री एकत्र प्रार्थना म्हणत. तरीही हिमस्खलन झालं तेव्हा एकाच रात्रीत आठ जण गेले, आणि तेही त्याच प्रार्थनेत सहभागी असणारे सोबती होते. शोध थांबवल्याची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. शेवटी नांदो पार्रादो आणि रॉबर्टो कानेसा हे दोघे दहा दिवस डोंगर तुडवत माणसांपर्यंत पोहोचले म्हणून बाकीच्यांची सुटका झाली. ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची तर श्रद्धा, पायपीट आणि मेलेले सोबती, तिन्ही ठेवावं लागतं. (या घटनेवरचे सिनेमे मात्र लहान मुलांसाठी मुळीच नाहीत; जगण्यासाठी मृतांचं मांस खावं लागल्याचा भाग टाळून ती गोष्ट सांगता येत नाही.)

दुसरी घटना तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला सिनेमाशिवायही सांगता येईल. २३ जून २०१८ रोजी थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचे फुटबॉल प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले. प्रशिक्षक पूर्वी बौद्ध मठात राहिलेले. अंधारात मुलांनी घाबरू नये म्हणून त्यांनी त्यांना ध्यानाला बसवलं. बाहेर लोक प्रार्थना करत होते. त्याच वेळी पाणी उपसणारे पंप सुरू होते, पाणबुडे दोर टाकत आत सरकत होते. २ जुलैला मुलं सापडली. पाण्याखालून आणताना ती घाबरून हातपाय झाडू नयेत म्हणून ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी त्यांना औषध देऊन गुंगीत ठेवलं, आणि ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळे बाहेर आले. त्याआधी, ६ जुलैला, थाई नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान हे आत हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना मरण पावले. सुटकेनंतर बारापैकी अकरा मुलांनी काही दिवस बौद्ध दीक्षा घेतली आणि ते पुण्य समन यांना अर्पण केलं. या गोष्टीत जो गेला त्याच्यावर कुठलाही ठपका नाही, आणि ज्यांनी कष्ट केले ते सगळे जागच्या जागी आहेत.

तुमचा सिनेमा बघताना हेच तपासायचं आहे. त्यासाठी दोन तास काढा आणि तो एकट्याने बघा. झलक बघून भागत नाही, त्यात सुटकेचे क्षण असतात, वडिलांचा शेवट नसतो. हातात कागद ठेवा आणि जिथे तुम्हाला स्वतःला अस्वस्थ वाटेल तिथला वेळ लिहा: किती मिनिटांपासून किती मिनिटांपर्यंत. मृत्यू दिसतो की फक्त कळतो? मृतदेह नंतर पुन्हा पुन्हा दिसतो का? मुलगा आईपासून एकटा पडतो का, आणि किती वेळ? लहान मुलांना मरणापेक्षा हे एकटं पडणं जास्त लागतं. कुत्रा किंवा दुसरं जनावर मरतं का? एखादं दृश्य आवाज बंद करून परत बघा; भीती चित्रात आहे की संगीतात, ते लगेच कळतं. संगीतात असेल तर मोठ्यांबरोबर बघताना आवाज उतरवून आणि खाली अक्षरं लावून निम्मं काम होतं. चित्रात असेल तर होत नाही.

मग श्रद्धेच्या बाजूने तपासा. देव न मानणारं पात्र आहे का, आणि त्याचं काय होतं? ते शेवटी रडत गुडघे टेकतं किंवा त्याला शिक्षा झाल्यासारखी दाखवतात, तर तुमच्या मुलांना त्या जागी त्यांचे बाबा दिसतील. हे सासूबाईंनाही नको असणार. 'मला वाचवलंस तर मी अमुक करीन' असा सौदा दाखवून तो फळाला आलेला आहे का? शोधपथक, डॉक्टर, हेलिकॉप्टरचा चालक यांना चेहरा आणि नाव आहे, की ते शेवटच्या पाच मिनिटांत येऊन जातात? आणि सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका. सत्यघटनेवरच्या सिनेमात शेवटच्या नामावलीबरोबर बरेचदा खऱ्या माणसांचे फोटो येतात, गेलेल्यांचेही. पडद्यावर नट मेला हे मुलाने पचवलेलं असतं; हसणाऱ्या खऱ्या बाबांचा फोटो त्याला अचानक गाठतो. मोठ्या मुलालाही त्याची आधी कल्पना द्या.

हे सगळं बघून वडिलांच्या मरणाचं कारण तुम्हाला माणुसकीचं वाटलं, तर मुलाबरोबर बघायला बसा. दिवसा बघा, रात्री जेवणानंतर नको. झोपण्याआधी मन दुसरीकडे वळायला निदान दोन-तीन तास मिळायला हवेत. खोलीत उजेड असू द्या. गोष्ट आधी सांगून टाका, वडील जातात हेसुद्धा. मजा जाईल अशी काळजी करू नका. काय होणार हे ठाऊक असलं की मूल कसं होतं तिकडे लक्ष देतं आणि धक्का बसत नाही. थांबवायची खूण ठरवा आणि रिमोट त्याच्याच हातात द्या. अकरा वर्षांच्या मुलाला पंधरा वर्षांच्या भावासमोर 'मला भीती वाटते' म्हणायला लाज वाटते; 'पाणी पिऊन येतो' म्हणून थांबवायला वाटत नाही. पुतण्याला आधीच बाजूला घेऊन सांगा की चिडवायचं नाही.

जीव वाचवण्याचे जे उपाय पडद्यावर दिसतात, ते बरेचदा चुकीचे असतात, आणि हे मुलांच्या डोक्यात पक्के बसतात. बर्फात अडकलेला माणूस तहान भागवायला मूठ-मूठ बर्फ खाताना दाखवतात. त्याने शरीर आतून आणखी गार पडतं, बर्फ आधी वितळवून पाणी प्यायचं असतं. थंडीने बधिर झालेली बोटं बर्फाने किंवा हाताने चोळणं घातक आहे, आतली त्वचा फाटते. दारूचा घोट ऊब आणल्यासारखा वाटतो, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने शरीराची उष्णता भराभर बाहेर जाते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की विचारशक्ती मंदावते, म्हणून गारठलेल्या माणसाच्या निर्णयावर सोबत्यांनी विसंबायचं नसतं. या गोष्टी पुतण्याला आवडतील; त्याला सिनेमातल्या चुका शोधायचं काम द्या.

यातली एक चूक मात्र तुमच्या घराला लागणारी आहे. छाती दाबून माणूस शुद्धीवर आणण्याचं दृश्य अशा सिनेमात हमखास असतं. पाच-सात वेळा दाबलं, कुणीतरी देवाचं नाव घेतलं आणि माणूस खोकत उठून बसला. प्रत्यक्षात मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटीमीटर खाली जाईल इतक्या जोराने, मदत येईपर्यंत दाबत राहावं लागतं, आणि तरी बहुतेक वेळा यश येत नाही. १९९६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी टीव्ही मालिकांतली अशी दृश्यं तपासली, तेव्हा पात्रांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश तगलेली आढळली. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या खऱ्या माणसांमध्ये वाचणारे दहात एक किंवा त्याहून कमी असतात. आजोबांच्या वेळी डॉक्टरांनी असे प्रयत्न केले असतील आणि मुलाने ते ऐकलं असेल, तर 'मग आपले आजोबा का नाही उठले' हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. तो येण्याआधी तुम्हीच सांगा की सिनेमात हे खोटं दाखवतात.

सासूबाईंशी बोलताना सिनेमावर बोलूच नका, नातीवर बोला. 'आई, सिनेमा तुम्ही म्हणता तसाच चांगला असेल. पण तिने आजोबांसाठी रोज हात जोडले होते, आणि त्यात त्या मुलाची आई वाचते. तिला वाटेल, माझंच देवाने ऐकलं नाही. तिची श्रद्धा त्यानेच मोडेल.' यात काहीही बनवून सांगितलेलं नाही, आणि त्या स्वतः पतीच्या जाण्याने दुखावलेल्या आहेत, त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. किंबहुना, त्यांना हा सिनेमा एवढा हवासा वाटण्यामागे तेच दुःख असू शकतं. तुम्ही दोघींनीच बसून तो बघितलात, तर ती त्यांची खरी गरज भागेल असं मला वाटतं.

धाकटीसाठी त्यांना वेगळं काम द्या. तीच गोष्ट आजीने तिला तोंडी सांगावी, नऊ दिवस, बर्फ, आई आणि मुलगा, एकमेकांना घट्ट धरून राहणं. सांगणारी आजी नातीचा चेहरा बघत असते. डोळे मोठे झाले की वेग कमी करते, मधला भाग गाळते, पुढे नेते. पडद्याला हे करता येत नाही. वडील गेले हे लपवू नये, पण एका वाक्यात सांगून पुढे जावं.

पतींनाही एक विनंती करा. सिनेमा चालू असताना त्यांनी 'हे सगळं थोतांड' असं काही म्हणू नये. त्याने मुलगा कोणाच्या बाजूला उभं राहायचं या विचारात अडकतो आणि भीती तशीच आत राहते. मत त्यांनी दुसऱ्या दिवशी मांडावं, आणि 'मला असं वाटतं, आजीला तसं वाटतं' अशा शब्दांत. दोन मोठी माणसं वेगळा विचार करूनही एकमेकांना मानतात, हे अकरा वर्षांचं मूल चांगलं समजू शकतं.

आता एक खबरदारी, जी हमखास राहून जाते. धाकटीला बाहेर ठेवलंत तरी भाऊ तिला सगळं सांगणार, आणि सांगताना तिखटमीठ लावणार. म्हणून तिच्याशीही आजोबांबद्दल आधीच बोलून घ्या. 'झोपले', 'थकले होते', 'देवाला आवडले' हे शब्द टाळा. झोपले म्हटलं की ती झोपायला घाबरते, थकले म्हटलं की तुम्ही दमून आलात तरी तिच्या पोटात गोळा येतो, आणि आवडले म्हटलं की देवाचं आवडतं होणं धोक्याचं वाटतं. 'देवाघरी गेले' हे आजी म्हणणारच, म्हणू द्या, पण तिथून परत येत नाहीत हेही तिला स्पष्ट कळायला हवं; नाहीतर सिनेमातला मेलेला माणूस उठला हे ऐकून ती वाट बघत बसेल. मरण कायमचं असतं ही समज साधारण पाच ते सात या वयात पक्की होते, म्हणजे ती आत्ता नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. तिला सांगा: 'आजोबांना मोठा आजार झाला होता. डॉक्टरांनी खूप औषधं दिली, पण त्यांचं शरीर बरं होऊ शकलं नाही. तू प्रार्थना केलीस ते छानच केलंस, आजोबांना ते आवडायचं. तू काही केलंस किंवा नाही केलंस म्हणून ते गेले नाहीत.' शेवटचं वाक्य तिने न विचारताही सांगा, आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा सांगा.

सिनेमा बघितल्यावर मुलाला 'काय शिकलास' असं विचारू नका, तो तुम्हाला हवं ते उत्तर देऊन मोकळा होईल. 'तुला सगळ्यात जास्त कोणाचं वाईट वाटलं?' 'बाबांनी कोट दिला नसता तर?' 'शोधणाऱ्या लोकांना घरी जाऊन काय वाटलं असेल?' असं काही विचारा आणि मग गप्प बसा. उत्तर त्याच रात्री येईल असं नाही, दोन दिवसांनी गाडीत बसल्यावर येईल. दोन-तीन रात्री झोप मोडली, एकदोनदा दिवा लावून ठेवायला सांगितलं, तर त्यात काळजीचं काही नाही. प्रार्थना चुकली म्हणून तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला, तुम्ही बाहेर निघालात की अडवू लागला, एकटा खोलीत जायला तयार होईना, आणि हे महिनाभर टिकलं, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. शाळेत किंवा जेवणावर परिणाम दिसला तर महिना थांबायचीही गरज नाही.

पुतण्याच्या बाबतीत उलट चूक होते: तो मोठा आहे म्हणून त्याच्याशी कुणीच बोलत नाही. पंधराव्या वर्षी 'देव एकाला वाचवतो आणि दुसऱ्याला का नाही' हा प्रश्न पूर्ण ताकदीने पडतो, आणि तो घरापासून लांब राहतो आहे. त्याच्याशी तुमच्या पतींनी बोलावं आणि आजीनेही, वेगवेगळं. दोघांची उत्तरं जुळायची गरज नाही.

धाकटीचा विचार पुन्हा कधी करायचा, हे नुसत्या वाढदिवसावरून ठरवू नका. आजोबांचा विषय ती आपणहून काढते का, त्यांच्याबद्दल बोलताना हसते का, गोष्टीत कुणी मेलं तर 'मग पुढे?' असं विचारते की पुस्तक मिटते, हे बघा. आजीने सांगितलेली ती बर्फातली गोष्ट तिने स्वतःहून दुसऱ्यांदा मागितली आणि वडिलांच्या जागी आल्यावर काही विचारलं, तर तिच्याशी त्याबद्दल बोलायला सुरुवात करा. सिनेमा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बघितला तरी चालेल.